समाजशास्त्रात जेंडरवर पीएचडी करायचीय, शर्मिला रेगेंचं काम कुठून वाचायला घेऊ?

पायवाट_९८

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतेय, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

माझं समाजशास्त्रात एमए झालंय, बालवाडीपासून सगळं मराठी माध्यमात. मागच्या वर्षी सेट (प्राध्यापकपदासाठीची राज्य पात्रता परीक्षा) निघाली आणि आता एका कॉलेजला तासिका तत्त्वावर शिकवते. पीएचडीला विषय घ्यायचाय तो स्त्री-पुरुष विषमतेवर, म्हणजे नेमका काय ते अजून ठरत नाहीये पण दिशा तीच. ज्या सरांकडे गाइड म्हणून विचारायला गेले ते म्हणाले की जेंडर हा तुम्हा मुलींचा ठरलेला विषय आहे, त्याला मुलाखतीत कोणी विचारत नाही, ग्रामविकासावर काहीतरी घे. त्या दिवशी घरी येऊन खूप वाईट वाटलं, कारण ज्या गोष्टीसाठी मी हे समाजशास्त्र घेतलं तीच गोष्ट समाजशास्त्र नाही असं कोणीतरी सांगत होतं.

नंतर एका कार्यशाळेत शर्मिला रेगे हे नाव ऐकलं. पुणे विद्यापीठात होत्या, २०१३ मध्ये गेल्या, तेव्हा वय पन्नासही नव्हतं. त्यांच्या लेखांची यादी काढली तर त्यात लावणी आहे, दलित स्त्रियांची आत्मकथनं आहेत, शिक्षणावर आहे, आंबेडकरांवर आहे, जेवणावर पण काहीतरी आहे. मला कळेना की हे एकाच माणसाचं करिअर कसं, आम्हाला तर सांगतात एक विषय धरा आणि तोच शेवटपर्यंत चालवा. आणि सगळं इंग्रजीत. मी इंग्रजी वाचते पण एका पानाला अर्धा तास लागतो.

तर प्रश्न असे की सुरुवात कुठून करू, या सगळ्याला जोडणारा धागा काय आहे, आणि खरंच अशा विषयावर अभ्यास करून माणूस प्राध्यापक म्हणून उभा राहू शकतो का. कोणाला अनुभव असेल तर मोकळेपणाने सांगा.

---

काठावरचा_मास्तर

ताई, धागा काढलात ते फार बरं केलंत. मी वीसेक वर्षं समाजशास्त्र शिकवतोय आणि रेगेंचं लिखाण वाचून माझं शिकवणं दोनदा मोडून परत मांडावं लागलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्हाला ते विखुरलेलं वाटतंय कारण यादी विषयांची आहे. प्रश्न म्हणून बघा. प्रश्न पहिल्यापासून एकच दिसतो, की स्त्री म्हणजे कोण असं आपण धरून चाललोय, आणि ते ज्ञान कोणाच्या जागेवरून तयार झालंय.

लावणीचा लेख १९९५ चा. आपण लावणीकडे एकतर लोककला म्हणून कौतुकाने बघतो नाहीतर अश्लील म्हणून नाक मुरडतो. त्यांनी विचारलं की ही शृंगारिक बाई घडवली कोणी. पेशवाईच्या काळात खालच्या मानलेल्या जातींतल्या बायकांना कुणबिणी, बटकी म्हणजे दासी म्हणून विकलं जायचं, राबवलं जायचं, आणि त्याच काळातल्या लावणीत त्याच बायकांचं शरीर सतत आतुर असलेलं असं रंगवलं गेलं. म्हणजे गाण्यातली प्रतिमा आणि त्या बायकांच्या श्रमावरची, शरीरावरची मालकी यांचा संबंध आहे. पुढे मराठी सिनेमाने तीच बाई उचलली. मी लहानपणापासून लावण्या ऐकत आलोय आणि हा लेख वाचेपर्यंत मला हा प्रश्न पडला नव्हता, याचं अजून वाईट वाटतं.

मग १९९८ चा लेख, इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीमधला, ज्याने त्यांचं नाव सगळीकडे गेलं. त्याच्या आधी १९९५ मध्ये दलित विचारवंत गोपाळ गुरूंनी त्याच साप्ताहिकात मांडलं होतं की दलित स्त्रिया वेगळं बोलतात, कारण एका बाजूला सवर्ण स्त्रियांची चळवळ त्यांच्या वतीने बोलते आणि दुसऱ्या बाजूला दलित चळवळीतली पुरुषसत्ता त्यांना बोलू देत नाही. रेगेंनी तेच शीर्षक घेतलं आणि पुढचं विचारलं. त्यांचं म्हणणं साधारण असं की सत्तर-ऐंशीच्या दशकात चळवळीत 'स्त्री' म्हटलं की सवर्ण स्त्री धरली गेली आणि 'दलित' म्हटलं की पुरुष, आणि या दोन्हींच्या फटीत दलित स्त्री गायब झाली. आणि 'त्या वेगळ्या आहेत' एवढं म्हणून बाजूला व्हायचं हे पण त्यांना मान्य नव्हतं, कारण मग वेगळेपण सांगायची जबाबदारी फक्त दलित स्त्रियांची होते आणि बाकीच्यांना स्वतःचं काही बदलावं लागत नाही. दलित स्त्रियांच्या जागेवरून बघितलं तर सगळ्यांचंच समाजशास्त्र बदलावं लागेल, असं ते म्हणणं. यावर स्त्रीवादी अभ्यासक छाया दातारांनी १९९९ मध्ये टीका लिहिली, रेगेंनी २००० मध्ये उत्तर दिलं. तो सगळा वाद वाचण्यासारखा आहे.

या लेखाच्या आदल्या वर्षी, १९९७ मध्ये, त्यांनी समाजशास्त्र आणि जेंडर स्टडीज यांच्या युतीवर लेख लिहिला होता, शीर्षकात चक्क माकड आणि मगरीची गोष्ट. तुमच्या सरांनी तुम्हाला जे सांगितलं ना, तोच मुद्दा. अभ्यासक्रमात शेवटी एक प्रकरण 'स्त्रिया' म्हणून जोडायचं आणि आधीची सगळी थिअरी तशीच ठेवायची. २००३ मध्ये त्यांनी संपादित केलेलं 'सोशॉलॉजी ऑफ जेंडर' आलं, त्यात पण ही लढाई आहेच. मी तर म्हणेन की पीएचडीचा विषय ठरवायच्या आधी त्याची प्रस्तावना वाचा, कितीही वेळ लागू दे.

मग २००६ चं पुस्तक, त्याबद्दल खाली स्वतंत्र लिहितो, आता तास आहे.

---

सीएचबी_सात_वर्षं

नोकरीबद्दल कोणी स्पष्ट बोलत नाही म्हणून मी बोलते, सात वर्षं सीएचबीवर म्हणजे तासिका तत्त्वावर आहे.

पीएचडी समाजशास्त्र विभागातूनच नोंदवा, विषय जेंडरचा ठेवा. मी उलटं केलं. नेटला (सेटसारखीच, पण देशपातळीवरची परीक्षा) समाजशास्त्र वेगळा विषय आणि विमेन स्टडीज वेगळा, माझी पदवी स्त्री-अभ्यासातली, आणि जाहिरात निघते समाजशास्त्राची. मग संलग्न विषय धरायचा की नाही यावर प्रत्येक ठिकाणी वेगळं ऐकायला मिळतं. दोन ठिकाणी मुलाखतीपर्यंत पण गेले नाही. विद्यापीठांमधली स्त्री-अभ्यास केंद्रं बरीचशी यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) योजनेतल्या पैशावर चालत आली, त्यामुळे तिथल्या किती जणी वर्षानुवर्षं कंत्राटावर काढतात ते आतल्या माणसालाच माहीत. २०१७ ला बारावी पंचवार्षिक योजना संपली तेव्हा पुढे केंद्रं चालणार की नाही या काळजीत आम्ही झोपलो नाही.

हे तुम्हाला परावृत्त करायला लिहीत नाहीये. मी हा विषय सोडलेला नाही आणि सोडणार पण नाही. पण कागद कुठल्या विभागाचा आहे ते आधी बघा, नंतर दुरुस्त होत नाही.

आणि गाइड बदला. ज्याला विषयच मान्य नाही त्याच्यासोबत पाच वर्षं काढायची म्हणजे दर सहामाही अहवालाला तुम्ही स्वतःचा बचावच करत बसणार.

---

काठावरचा_मास्तर

सीएचबी ताईंशी पूर्ण सहमत, विभागाचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे.

तर २००६ चं 'रायटिंग कास्ट, रायटिंग जेंडर'. यात आठ दलित स्त्रियांची आत्मकथनं आहेत, त्यातले उतारे इंग्रजीत आणलेत आणि प्रत्येकीवर लिहिलंय. शांताबाई दाणी, मुक्ता सर्वगोड, कुमुद पावडे, ऊर्मिला पवार, जनाबाई गिऱ्हे, विमल मोरे, शांताबाई कांबळे आणि बेबीताई कांबळे. त्या म्हणतात की याला नुसतं आत्मचरित्र म्हणू नका, ही साक्ष आहे. लॅटिन अमेरिकेत 'टेस्टिमोनिओ' म्हणून जो प्रकार आहे तो शब्द त्यांनी घेतला, कारण इथे बाई 'मी' म्हणते तेव्हा त्यात वस्ती असते, आई असते, पाटलाच्या दारात उभं राहणं असतं. म्हणजे जे साहित्याच्या वर्गात 'वेदना' म्हणून शिकवून संपवलं जात होतं ते समाजशास्त्राचा पुरावा म्हणून समोर ठेवलं.

आता ताई, तुमच्या इंग्रजीच्या काळजीबद्दल. ही आठही पुस्तकं मुळात मराठी आहेत. 'माज्या जल्माची चित्तरकथा', 'जिणं आमुचं', 'आयदान', 'अंतःस्फोट', 'मिटलेली कवाडे', 'रात्रंदिन आम्हा', 'मरणकळा', 'तीन दगडाची चूल'. दिल्लीतला संशोधक ही भाषांतरातून वाचतो आणि तळटीपा बघत बसतो, तुमच्या ती भाषा अंगवळणी पडलेली आहे. 'जिणं आमुचं' मधली सासुरवाशीण वाचताना तुम्हाला शब्दकोश लागणार नाही. सुरुवात इथून करा. आधी मूळ पुस्तकं, मग त्यावरचं रेगेंचं. उलट क्रमाने गेलात तर तुमचे डोळे त्यांचे होतील, स्वतःचं दिसणं उशिरा येईल.

---

निळी_ओढणी

सगळे प्रतिसाद वाचले. मास्तरांनी छान लिहिलंय पण एक गोष्ट राहते आणि ती मला बोलायलाच हवी, कारण हा विषय माझ्या घरातला आहे.

माझ्या आजीने बेबीताईंना प्रत्यक्ष ऐकलेलं. घरात 'जिणं आमुचं' ची प्रत होती, पानं सुटलेली. मी पहिल्यांदा विद्यापीठात गेले तेव्हा सेमिनारमध्ये सगळे 'रेगे म्हणतात', 'रेगेंच्या मते' असं बोलत होते आणि बेबीताईंचं नाव उदाहरण म्हणून येत होतं. आमच्या बाया कच्चा माल आणि सिद्धांत मात्र दुसऱ्या कोणाचा, असं ते ऐकताना वाटायचं आणि घशात काहीतरी अडकायचं. दलितेतर स्त्रीने स्वतःला दलित स्त्रीवादी म्हणून नव्याने घडवावं असं रेगेंनी १९९८ मध्ये लिहिलं. यावर आमच्यातल्या अनेकींचा आक्षेप आहे आणि तो रागातून आलेला नाही, तो साधा प्रश्न आहे. दृष्टी घेता येते, पण जगणं घेता येतं का? आणि दृष्टी घेतलेल्याला जागा मिळते, मानसन्मान मिळतो, जगणारीला कधी मिळणार?

हे लिहून झालं की दुसरं पण प्रामाणिकपणे लिहिते. रेगेंनी स्वतः लिहिलंय की दलित स्त्रियांच्या 'वतीने' किंवा 'म्हणून' बोलता येत नाही. आणि विद्यापीठातला सवर्ण अभ्यासक स्वतःच्या जातीबद्दल सहसा बोलतच नाही, जात ही नेहमी दुसऱ्याला असते. त्यांनी ती स्वतःच्या बाजूला ओढून घेतली, स्वतःच्या विषयाला, स्वतःच्या वर्गाला प्रश्न विचारला. ते थोडं नाही. मी माझ्या प्रबंधात त्यांच्याशी एक पूर्ण प्रकरण भांडलेय आणि ते प्रकरण त्यांच्याशिवाय लिहिता आलं नसतं.

पायवाट, तू वाचशील तेव्हा हा प्रश्न सोबत ठेव. तू कोण आहेस, कुठल्या घरातून आलीस, हे मला माहीत नाही आणि सांगायची गरज नाही. पण पीएचडीच्या पहिल्या पानाच्या आधी ते स्वतःला विचार. आणि 'आम्हीही इतिहास घडवला' नक्की वाच, ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं, १९८९ चं. आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना शोधत, भेटत, बोलतं करत त्यांनी ते लिहिलं. स्त्री-विषमतेचं संशोधन आमच्यातल्या बायकांनी आधीच केलेलं होतं, विद्यापीठ नंतर आलं.

---

काठावरचा_मास्तर

निळी ओढणी, तुमचा मुद्दा डोक्यात घेतला. मी वर लिहिताना 'पुरावा म्हणून समोर ठेवलं' असं लिहिलंय, त्यातच तो प्रश्न आहे, मला लिहिताना दिसला नाही. बेबीताईंच्या पुस्तकात निरीक्षण आहे तसं विश्लेषण पण आहे, महार घरातली सासू आणि गावातला पाटील यांच्या सत्तेचा संबंध त्या स्वतः लावतात. ते थिअरी म्हणूनच शिकवायला हवं. पुढच्या सत्रात तसं करतो.

---

खडू_फळा

मी समाजशास्त्रातली नाही, बीएडला शिकवते, पण रेगेंचा २०१० चा शिक्षणावरचा लेख आमच्यासाठी फार मोलाचा ठरला म्हणून लिहितेय.

त्याच्या शीर्षकातच 'तृतीय रत्न' आहे, म्हणजे जोतीरावांचं १८५५ चं नाटक. गरोदर कुणबी बाई आणि तिचा नवरा, त्यांना ग्रहांची भीती घालून लुबाडणारा जोशी, मध्ये मध्ये सगळं उघडं करून सांगणारा विदूषक, आणि शेवटी ते जोडपं फुल्यांच्या रात्रीच्या शाळेत जायचं ठरवतं. रेगे तिथून थेट आजच्या विद्यापीठाच्या वर्गात येतात. वर्गात कोण बोलतं, कोण गप्प बसतं, इंग्रजी येणं म्हणजेच हुशारी असं कधी ठरलं, राखीव जागेवरून आलेल्या मुलीकडे बाकीचे कसे बघतात, आणि शिक्षक स्वतः या सगळ्यात कुठे उभा आहे. फुले-आंबेडकरी स्त्रीवादी अध्यापन असं त्यांनी त्याला म्हटलं. मला तो वाचून पहिल्यांदा कळलं की माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसणाऱ्या मुली गप्प आहेत कारण मी प्रश्नच असे विचारते ज्याची उत्तरं पुढच्या बाकावर आहेत. तेव्हापासून मी तासाची सुरुवात त्यांना माहीत असलेल्या गोष्टीपासून करते आणि खरंच सांगते, वर्ग बदलला.

आणि पायवाटने जेवणाचं विचारलंय, तर ते २००९ चं पुस्तक आहे, दलितांच्या जेवणाचा इतिहास आणि आठवणी यांवरचं, नावाचा अर्थच 'हे ताट भारतीय नाही का?' असा आहे. ते वर्गातून तयार झालं, अभ्यासक्रमातल्या कामातून, स्त्री-अभ्यास केंद्रातल्या सहकाऱ्यांसोबत. 'भारतीय जेवण' म्हणून पुस्तकात जे छापतात त्यात कोणाकोणाच्या घरचं ताट नसतंच, आणि ते ताट भरायला कष्ट कोणत्या बाईचे, हा प्रश्न. प्राध्यापकाचं करिअर म्हणजे फक्त स्वतःच्या नावावरचे लेख नव्हे तर मुलांकडून असं काम उभं राहणं, ते मला यातून समजलं.

---

सीएचबी_सात_वर्षं

खडू फळा +१. हाच लेख वाचून मी सीएचबीवर टिकलेय. तासाचे पैसे सहा-सहा महिने येत नाहीत पण वर्ग माझा आहे.

---

काठावरचा_मास्तर

एक राहिलंच, शेवटचं पुस्तक. 'अगेन्स्ट द मॅडनेस ऑफ मनू', २०१३, त्या गेल्या त्याच वर्षीचं. बाबासाहेबांचं ब्राह्मणी पितृसत्तेवरचं लिखाण निवडून, त्याला प्रस्तावना लिहून त्यांनी ते स्त्रीवादाचा मूळ ग्रंथ म्हणून वाचायला लावलं. त्याचा गाभा म्हणजे १९१६ चा कोलंबियातला निबंध, 'कास्ट्स इन इंडिया'. जात टिकते ती जातीतच लग्न लावण्यावर, आणि ते टिकवायला सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह ही साधनं वापरली गेली. पंचविशीतल्या बाबासाहेबांनी हे मांडलं, म्हणजे जात आणि बाईवरचं नियंत्रण हे एकाच गाठीचे दोन पदर आहेत. तरी आपल्या समाजशास्त्राच्या पुस्तकांत जातीचं प्रकरण वेगळं, कुटुंबाचं वेगळं, स्त्रियांचं वेगळं. मी स्वतः अशी पुस्तकं वापरून पंधरा वर्षं शिकवलंय.

त्याच्या आधी २००८ चा एक लेख आहे, आंबेडकर जयंती आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला जी गर्दी होते, जी गाणी आणि छोट्या पुस्तिका विकल्या जातात, त्यावर. बाहेरचे लोक त्याला आंधळी व्यक्तिपूजा म्हणतात, त्यांनी दाखवलं की तिथे ज्ञान फिरत असतं. ताई, आता बघा, लावणी, पोवाडा, सत्यशोधकी जलसे, जयंतीची गाणी, आत्मकथनं, ताट, वर्ग. जिथे ज्ञान आहे असं विद्यापीठ मानत नाही तिथे तिथे त्या गेलेल्या दिसतात. म्हणून मला ते करिअर विखुरलेलं वाटत नाही.

सरांना सांगा, २०१४ मध्ये ज्या विद्यापीठाला सावित्रीबाईंचं नाव मिळालं तिथे हा विषय कित्येक वर्षं आधीपासून शिकवला जात होता.

---

पायवाट_९८

सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवस उत्तर दिलं नाही कारण वाचत होते.

आमच्या कॉलेजच्या लायब्ररीत आठपैकी तीन सापडली. 'मिटलेली कवाडे' घेतलं, मागच्या चिठ्ठीवर शेवटची तारीख २००४ ची आहे. साठ पानं झालीत. निळी ओढणी ताई, तुमचा प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहिलाय. मी दलित नाही. आमच्या घरी शेती आहे आणि शेतावर येणाऱ्या बायकांना आई वेगळ्या कपात चहा द्यायची, हे मी आजपर्यंत कुठे बोललेच नव्हते, कारण आईवरच सासरी काय काय झालं ते मी जास्त बघितलंय आणि मला आई फक्त सोसणारी म्हणूनच दिसायची. आता दोन्ही एकदम दिसतंय आणि झोप लागत नाहीये. पण कदाचित विषय इथेच आहे, शेतमालकाच्या घरातली बाई आणि शेतावर राबणारी बाई, त्यांच्यातलं नातं. चालेल का?

गाइड बदलायचा अर्ज लिहून ठेवलाय, सोमवारी देते.

१९९८ चा लेख मिळाला पण एकटीला जमत नाहीये. कोणी सोबत वाचेल का?

---

निळी_ओढणी

विषय चालेल. पण राबणारीची मुलाखत घ्यायला आधी जाऊ नकोस, सुरुवात आईपासून कर. कप कोणी ठरवला, कुठे ठेवायचा, कोण धुवायचं, ते तिला विचार.

लेख मी वाचते सोबत. रविवारी सकाळी अकरा, एका वेळेस दोन पानं.

---

सीएचबी_सात_वर्षं

मी पण आहे रविवारी.